गाठ पाहिली

२७ एप्रिल, रविवार

पावणेसहाला कड्याखाली. साडेआठला दगडाला हात लाववेना, उतरलो. धुळ्याच्या उन्हाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

नवी वही आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवते कोण कोण ते. अभिमन आबा — एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, वय एकसष्ट, आम्हा सगळ्यांना चढायला शिकवलं ते त्यांनीच. प्रेमराज — धुळ्याचाच. मोबाइल टॉवरवर चढून दुरुस्ती करतो आणि सुटीच्या दिवशी परत चढायला येतो! तरुण — माझा चुलतभाऊ, आमच्या जळगावच्या ठिबकच्या दुकानात बसतो. म्हणजे नुसता बसतो. आणि मी, चेलना. दर पंधरवड्याला आदल्या संध्याकाळी आबांकडे मुक्काम, पहाटे कडा.

आबा प्रत्येक वाटेला खाण्याचं नाव देतात. सोपी ती शेवभाजी, मधली भरीत, आणि उजवीकडची, जिथे माणसाला रडू येतं, ती फौजदारी डाळ. आज फौजदारीच्या चौथ्या बोल्टवर, म्हणजे दोर अडकवायला खडकात ठोकलेल्या खिळीवर, आबांनी हातोडी मारून पाहिली. आवाज पोकळ आला. तो बदलेपर्यंत ती वाट बंद.

आबांचा नियम जुना आहे. गाठ बांधताना कुणी बोलायचं नाही. बांधून झाली की खालून दोर धरणाऱ्याने गाठीला हात लावायचा, डोळ्यांनी बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं — पाहिली. तोवर पाय जमिनीवरून उचलायचा नाही. प्रेमराज म्हणतो, चेलना 'पाहिली' म्हणाली की सरकारी शिक्का बसला. काटेकोरपणाबद्दल मला घरात बोलणी बसतात. इथे तेवढं कौतुक होतं.

उतरल्यावर चहा आणि काश्मीरची बातमी. तरुणचं म्हणणं, आता आरपार. प्रेमराज दोर गुंडाळायला लागला. त्याचा धाकटा भाऊ जितेंद्र फौजेत आहे, सध्या जम्मूकडे.

३० एप्रिल, बुधवार

४४ अंश. यावलहून केळीवाला आला होता, पाइप बघायला. तरुणने त्याला पाइप सोडून फोनवर विमानं दाखवली. माणूस विमानं बघून परत गेला.

४ मे, रविवार

खरं म्हणजे आजची पाळी नव्हती, पण आबांना फौजदारीचा बोल्ट बदलायचा होता. बदलला. नवा कितपत धरेल यावर अर्धा तास काथ्याकूट. प्रेमराजचं म्हणणं, टॉवरवर असा बोल्ट त्याने कधीच चालवून घेतला नसता, रसायन भरून बसवायला हवा. आबांचं म्हणणं, वीस वर्षं असेच ठोकतोय, कोण मेलं? तरुणला दोन्ही पटलं. डावीकडे भरीतच्या वर आग्यामोहोळ बसलं आहे, पंख्याएवढं. म्हणजे तीही वाट बंद. उरली शेवभाजी.

मग पुन्हा तेच. तरुणने एक व्हिडिओ दाखवला — रात्र, आकाशात ठिणग्या, खाली कुणीतरी ओरडतंय. कुठला आहे, विचारलं. म्हणाला, बॉर्डरचा, कालचा. मी नीट बघितला. कोपऱ्यात गुणांचा आकडा होता! मोबाइलवरचा खेळ. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "स्वतः पाहिल्याशिवाय पुढे पाठवत जाऊ नकोस." तो हसला. लाज अशी त्याला वाटत नाही.

आबा वैतागले. म्हणाले, "आठे बॉर्डर आनानी नही. बठ्ठा खाले ठी या." कड्यावर फक्त कड्याचं बोलायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

७ मे, बुधवार

सकाळी उठले तर बातमी आलेलीच, रात्री आपण सीमेपलीकडे हल्ला केला. तरुणने दुकानात पेढे वाटले. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या चौघांच्या व्हॉट्सॲप गटावर दुपारपर्यंत तरुणचे एकेचाळीस व्हिडिओ. मोजले, कारण दुसरं काम नव्हतं. मग गटाचा आवाज बंद करून टाकला.

मला नक्की काय वाटतं आहे ते ठरवता आलं नाही. पेढा खाल्ला.

९ मे, शुक्रवार

प्रेमराजचा फोन. जितेंद्रशी दोन दिवस बोलणं नाही, फोनच लागत नाही. म्हणाला, उद्या चढू या. आई टीव्हीसमोरून हलत नाही, टीव्ही गप्प बसत नाही, आणि मला त्या दोघांच्या मध्ये बसवत नाही.

संध्याकाळच्या बसने निघतोय, मी आणि तरुण.

१० मे, शनिवार

प्रेमराज पडला. शेवभाजीवर! तिसऱ्या बोल्टजवळून. जिवंत आहे. डावा पाय मोडला, टाच, कमरेत काहीतरी.

गाठ अर्धीच होती.

सायंकाळी शस्त्रसंधी झाली म्हणे. हॉस्पिटलात सगळे टीव्हीखाली जमले होते. सात वाजता जितेंद्रचा फोन आला, तो ठीक आहे. ताईबाई — प्रेमराजची आई — फोन कानाला धरून रडत होत्या, आणि कुठल्या मुलासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

११ मे, रविवार

क्रमाने लिहिते.

सहा वाजून गेले होते. प्रेमराज गाठ बांधत होता. ही गाठ दोन टप्प्यांत होते. आधी दोरात एक इंग्रजी आठ घालायचा, टोक कमरेच्या पट्ट्यातून ओवायचं, मग त्याच आठाच्या मागोमाग टोक परत फिरवायचं. त्याने आठ घातला. टोक ओवलं. तेवढ्यात तरुण बोलला.

तो कडेला उभा राहून फोनवर चित्रण करत होता. नेहमीचंच, वर गाणं लावून टाकतो. म्हणाला, आता थांबायला नको, एकदाच संपवून टाकायला पाहिजे. प्रेमराजचे हात थांबले. तो आमच्याशी नेहमी साधं मराठी बोलतो, पण काल घरची बोली आली तोंडात — "तुमनामातून कोन गयेल शे तठे? दुकानमा बशीसन लढाले काय जास!"

तरुण काहीतरी म्हणाला. आबा ओरडले, गप रे. प्रेमराज कड्याकडे वळला. मी 'पाहिली' म्हटलं. तो चढला.

तिसऱ्या बोल्टच्या वर त्याचा पाय निसटला. मी दोर आवळला, आणि दोर माझ्या हातात एकदम हलका झाला. ते कसं वाटतं हे मला आता माहीत आहे, आणि दुसऱ्या कुणाला माहीत होऊ नये.

दोराचं टोक वर लोंबत होतं. त्यात एकेरी आठ, तसाच.

ऊन लागू नये म्हणून तो वडिलांचा ढगळ शर्ट घालतो. शर्ट कमरेखाली आलेला होता, गाठ त्याच्या आत. मला बाहेरून पूर्ण वाटली.

१४ मे, बुधवार

ऑपरेशन झालं. सळई घातली. सहा महिने. टॉवरचं पुढे बघू, डॉक्टर म्हणाले. याचा अर्थ प्रेमराजला कळला, ताईबाईंना अजून कळला नाही.

बाहेर बाकावर आबांनी मला विचारलं, "तू देखी व्हती ना पोरी?"

मी म्हटलं, हो आबा, पण शर्टाखाली होती, नीट दिसली नाही. आबा बराच वेळ मान हलवत राहिले. मग तरुणकडे वळले. आवाज चढवला नाही. "आते तू दोरले हात लावानं नही."

तरुणने उत्तर दिलं नाही. हा मुलगा गिऱ्हाईक नसलं तर पाइपांशी बोलतो! माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बघत बसला. मला वाटलं, शरमला.

१८ मे, रविवार

चढलो नाही. दुकानाचं कपाट आवरलं.

२१ मे, बुधवार

तरुण एक दिवसाआड धुळ्याला जातो. सातची बस. ताईबाईंना घरून हॉस्पिटलात आणणं, औषधं, डबा, सगळं तोच बघतो. काका म्हणाले, दुकान कोण बघणार? तो म्हणाला, जीजी आहे ना, म्हणजे मी. गटावर दहा तारखेपासून त्याचा एकही व्हिडिओ नाही. घरात सगळे म्हणतात, ठेच लागली, सुधारला.

मीही तेच म्हणाले. काकूंना म्हणाले, एकाच्या तोंडापायी दुसऱ्याचा पाय गेला. बोलून झाल्यावर बेसिनशी जाऊन उगाच हात धुतले.

२४ मे, शनिवार

प्रेमराजला भेटले. आता घरी आणलं आहे. पाय उशांवर. भिंतीचा वरचा चुना गळतो, तो तेवढाच बघत असतो. म्हणाला, त्याला गाठीचं काही आठवतच नाही, तरुणचा आवाज आठवतो आणि नंतर थेट खालचा दगड.

मग म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस. शर्टाखाली तुला काय दिसणार?"

माझंच वाक्य. आबांनी पोचवलेलं. तो म्हणाला, दुकानाचं बोललो ते तुला नव्हतं, तरुणला होतं. मी म्हटलं, सोड. ताईबाईंनी शेव आणि दाण्याची चटणी पुढे ठेवली. खाल्ली. तिथे बसवत नव्हतं, तरी तासभर बसले.

बसमध्ये पारोळ्यापर्यंत मनात तेच. ते मला नव्हतं! मग मला का लागलं? आमच्या दुकानात कुणी फौजेत गेलेलं नाही, खरंच आहे. खरं लागतं. लागलं तेव्हा मी काय केलं, हे मला आठवतंय की आठवायचं नाहीये?

२७ मे, मंगळवार

झोप बरी. धरणगावची ऑर्डर पाठवली.

३० मे, शुक्रवार

तरुण गोदामात माल उतरवून घेत होता. प्रेमराजच्या डॉक्टरांना एक्स-रेचा फोटो पाठवायचा होता. त्याने फोन माझ्याकडे दिला — तू पाठव ना जीजी, हात काळे झालेत.

फोटो उघडले. विमानं नाहीत, ठिणग्या नाहीत, एकेचाळीसपैकी एकही नाही. सगळं पुसलेलं. एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, ताईबाईंचं आधार कार्ड. आणि एकच व्हिडिओ. दहा मे, सहा वाजून बारा मिनिटं.

मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन पाहिला. चार वेळा.

शर्ट खोचलेला आहे. गाठ उघडी, उन्हात, कुणालाही दिसेल अशी. एकेरी आठ आणि लोंबणारं टोक. प्रेमराज ते बोलतो. माझा चेहरा बदलतो. मी मान फिरवते, कड्याकडे नाही, गावाकडे. आणि तशीच, तिकडे बघत, त्याच्या खांद्यावर हात ठेवते. गाठीला नाही, खांद्याला! आणि म्हणते — पाहिली. आवाज अगदी नेहमीचा.

मला राग आला होता. एवढंच झालं होतं. राग आला होता आणि मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

फोन परत दिला. तरुण हात पुसत म्हणाला, "मिळाला एक्स-रे?"

"मिळाला."

वीस दिवस हा फोन त्याच्या खिशात होता. आबांसमोर बाकावर बसला होता तेव्हाही.

१ जून, रविवार

सकाळी गोदामात त्याला विचारलं, का दाखवला नाहीस? जगभरचं काय काय पुढे पाठवत होतास.

तो पाइपांची गुंडाळी सोडवत राहिला. म्हणाला, "एवढा एकच मी स्वतः पाहिला होता, जीजी. म्हणून."

त्याचा फोन मागून घेतला. व्हिडिओ माझ्या फोनवर घेतला आणि गटावर टाकला, माझ्या नावाने. खाली लिहिलं — शर्ट खोचलेला होता. मी बघितलं नाही. तरुणला दोर परत द्या.

दहा वाजून चार मिनिटं. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. तिघांनीही पाहिला.