ओपलच्या सहा खारी

मिल क्रीक, वेस्ट व्हर्जिनिया
१७ जानेवारी

प्रिय वॉनिटा,

तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो ओपल असतानाही कुरकुरायचाच, तेव्हा त्याचं कौतुक नको. तिला जाऊन आज दहा आठवडे झाले. तुझा दमा कसा आहे?

खारींचं विचारलंस. ओपलने दूध पाजून वाढवलेल्या सहाही ठणठणीत आहेत. तुझ्या बहिणीने सांगून ठेवलं होतं तशाच, बाहेरच्या पिंजऱ्यात. खोक्यात सुका पाला कोंबलाय, रोज सकाळी गोठलेलं पाणी बदलतो, हिकरीची टणक कवचाची फळं न फोडता तशीच टाकतो. दात झिजले पाहिजेत, एवढं मलाही कळतं. तू मनात म्हणत असशील, जन्मभर खारींचा रस्सा ओरपणाऱ्याच्या हाती बिचाऱ्या पडल्या. ओपलही म्हणायची, "डेन्झिल, तू लांब हो बघू. यांच्या काका-मामांना खाल्लंयस तू, त्यांना वास येतो."

गुरुवारी येते म्हणतेस, पण येऊ नकोस. चढावर बर्फ आहे आणि तुझ्या गाडीने आता निवृत्त व्हायला हवं. शिवाय इथे बघण्यासारखं काही नाही. दफनाच्या दिवशी तू अंगणात जे बोललीस ते मी मनात ठेवलेलं नाही. पण खारी वसंतापर्यंत माझ्याकडेच राहतील.

तुझा मेहुणा,
डेन्झिल


मिल क्रीक
२ एप्रिल

प्रिय वॉनिटा,

बर्फ गेलं. मेपलला लाल फुलोरा आलाय, तुझ्याकडेही आला असेल. रानात आता खायला मिळतं, म्हणजे ओपलच्या रीतीप्रमाणे पिंजऱ्याचं दार उघडायची हीच वेळ. तुझी तब्येत सुधारली असेल अशी आशा आहे. हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि दर वेळी तब्येतीपाशीच अडलो.

खारी चार आहेत.

जानेवारीत तुला लिहिलं ते खोटं होतं. ते पत्र लिहीत होतो तेव्हा सहाही जणी स्वयंपाकघरात होत्या, चुलीच्या मागे. नाताळनंतरच्या रविवारी आमची पोरगी मुलांना घेऊन परत गेली. दुपारचे तीन वाजले होते. मी खणातून ओपलचं कानाचं यंत्र काढलं आणि त्यात नवी बॅटरी घातली. ते तिच्या कानात शिट्टी मारायचं तशीच शिट्टी मारायला लागलं. ते हातात धरून किती वेळ बसलो, मला माहीत नाही. मग उठलो, बाहेर गेलो आणि खारींचं खोकं उचलून आत आणलं. त्या दिवशी थंडी काही फार नव्हती. थंडीपायी आणलं म्हणालो तर तेही खोटं होईल.

जवळजवळ तीन आठवडे त्या आत होत्या. पडदे कुरतडले, माझ्या खिशातून शेंगदाणे काढायला शिकल्या. मी त्यांच्याशी बोलायचो. ओपल दूध पाजतानासुद्धा तोंडातून शब्द काढायची नाही, त्यांना माणसाच्या आवाजाची सवय लागू नये म्हणून. मी मात्र सगळं सांगितलं त्यांना. गुडघ्याचं, पोरीचं, आपल्या भांडणाचंही.

तेवढ्यात तुझं पत्र आलं. मी नको असं लिहिलं खरं, पण नको म्हटलं की तू हमखास येतेस, हे चाळीस वर्षं बघतोय. तू त्यांना चुलीपाशी पाहशील याची मला लाज वाटली. पत्र पेटीत टाकून आलो आणि लगेच खोकं बाहेर नेऊन ठेवलं. त्यांना उबेची सवय झालेली, आणि पारा शून्याच्या खाली. तिसऱ्या सकाळी पाला उपसला तर धाकट्या दोघी थिजून पडल्या होत्या. बाकीच्या चौघी त्यांच्यावर गोळा होऊन बसल्या होत्या. तू काही आली नाहीस.

जमिनीत कुदळ शिरेना. कुंपणापलीकडे त्यांच्यावर दगड रचले. ओपलच्या फुलझाडांत ठेवायचं तोंड मला नव्हतं.

त्या दिवशी अंगणात तू म्हणालीस, "डेन्झिल, तुला खारी नकोत रे. तुला घर रिकामं नकोय. पिल्लं माझ्याकडे दे." मी तुला चारचौघांत चालती हो म्हणालो. तुझं बरोबर होतं, वॉनिटा. तुझं ऐकलं असतं तर आज सहा असत्या.

चौघी तेव्हापासून बाहेरच आहेत. अंगावर दाट केस आले आहेत. मी बोलत नाही, खाणं टाकतो आणि मागे फिरतो. तिघी माझी चाहूल लागली की खोक्यात पळतात. चौथी अजून जाळीपाशी येते आणि माझ्या खिशाकडे बघते. उद्या रानात एखाद्या बंदुकवाल्यासमोरही ती अशीच येऊन उभी राहील. माझ्यासारखे लोक या डोंगरांत थोडे नाहीत.

या आठवड्यात दोनदा कडी काढायला गेलो आणि परत आलो. हवा चांगली होती, कारण काही नव्हतं. ओपलने शेवटचं दूध पाजलं ते यांना. त्या गेल्या की तिचा हात लागलेलं जिवंत असं या घरात मीच तेवढा उरतो. मला याची भीती वाटते.

शनिवारी ये. कडी तू काढ, आणि चौथीचं काय करायचं तेही तूच ठरव. तुझ्याबरोबर न्यायची म्हणालीस तर ने. मी मध्ये पडणार नाही.

तुझ्या बहिणीचा,
डेन्झिल