अडतीस साइट्स आणि एक नवा पत्ता

२ मार्च, सकाळी ७.१५
मी, खाली सही करणारा, वाणिज्य पदवीधर (एकूण द्वितीय श्रेणी, परंतु अकाउंटन्सीत प्रथम), वय चौपन्न वर्षे सात महिने, गेली अकरा वर्षे अडतीस ग्राहकांच्या वेबसाइट्स माझ्या मालकीच्या एका सर्व्हरवर सांभाळत आहे. सर्व्हर ज्या इमारतीत ठेवला आहे तिथल्या कंपनीने कळवले आहे की २० मार्चला जुने आयपी पत्ते रद्द होतील, नवा पत्ता सोबत जोडला आहे. आयपी पत्ता म्हणजे यंत्राचा घरक्रमांक. घर तेच, बिऱ्हाडे तीच, दारावरची पाटी तेवढी बदलायची. एकही साइट एक मिनिटही बंद न पडता मी हा बदल पार पाडणार आहे. ही रोजनिशी केवळ माझ्या संदर्भासाठी.

४ मार्च
वेळापत्रक तयार. सतरा टप्पे. निळी शाई कृतीसाठी, लाल शाई खबरदारीसाठी.
मुलगी एका मोठ्या कंपनीत हेच काम करते. तिचा फोन. म्हणाली, बाबा, सतरा नकोत, दोनच गोष्टी करा. जगभरची यंत्रं तुमचा पत्ता पाठ करून ठेवतात. किती वेळ पाठ ठेवायचा, तो आकडा आजच पाच मिनिटांवर आणा. आणि जुना-नवा दोन्ही पत्ते आठवडाभर चालू ठेवा. बस्स.
विचार करतो म्हणालो. केला. एका घराला दोन पाट्या लावणे शोभत नाही, पोस्टमनसुद्धा संशयाने पाहतो. आणि पाच मिनिटांत विसरणारे जग काय कामाचे?

६ मार्च
तो आकडा एक दिवसावरून सात दिवसांवर नेला. जगाने पत्ता पक्का लक्षात ठेवावा, हाच तर उद्देश आहे. मुलीला कळवले नाही. तिला तिची कामे आहेत.

९ मार्च
सर्व ग्राहकांस सूचनापत्र पाठवले. चार पाने, दोन परिशिष्टे. कलम ११: ‘सदर कालावधीत कोणतीही साइट एक मिनिट जरी बंद राहिली, तर मी हा व्यवसाय कायमचा बंद करीन.’
सौ.ने वाचले. म्हणाली, अहो, हे कुणी मागितलं होतं का तुमच्याकडे?
शब्द मागणीवरून द्यायचा नसतो, असे मी सांगितले. त्यावर म्हणाली, मग निदान पेन्सिलीने तरी लिहायचा.
सायंकाळपर्यंत एक उत्तर. दातांचे डॉक्टर: ‘ओके काका’, पुढे अंगठा. चार पानांना एक अंगठा. उरलेले सदतीस गप्प आहेत. मौन ही संमती समजतो.

१२ मार्च
रंगीत तालीम घेतली, कागदावर. सतरा टप्पे एकवीस मिनिटांत पूर्ण. चूक: शून्य. सौ.ला प्रेक्षक म्हणून बसवले होते. नवव्या टप्प्याला तिने विचारले की, झोपू का?

१५ मार्च, रविवार, दुपारी २.००
प्रारंभ. रविवारी दुपारी कुणी साइट पाहत नाही, असा माझा अंदाज आहे.
२.०४. सर्व नावांपुढे नवा पत्ता नोंदवला. उत्तम.
२.१२. टप्पा बारा. आधी जावक, मग आवक, हा माझा आयुष्यभराचा नियम. त्यानुसार सर्व्हरवरून जुना पत्ता काढला.
२.१३. स्क्रीन स्तब्ध.
२.३०. यंत्र विचार करत असावे.
३.१०. मुलीला फोन, केवळ माहितीसाठी. तिने विचारले, बाबा, तुम्ही सर्व्हरमध्ये शिरलात कुठल्या पत्त्यावरून? जुन्या, मी म्हणालो. नवा लावला होतात? तो टप्पा तेरा. ती म्हणाली, म्हणजे गच्चीवर उभं राहून शिडी लाथाडलीत.
माझा क्रम निर्दोष होता. यंत्राने घाई केली.

१६ मार्च
दोन तास प्रवास करून सर्व्हरच्या इमारतीत गेलो. पहारेकरी म्हणाला, नोंदणी केलेल्या ईमेलवरून परवानगी मागवा, मग सोडतो. माझा ईमेल त्याच सर्व्हरवर आहे. त्याला तसे समजावले. तो म्हणाला, साहेब, म्हणजे घराची किल्ली घरातच. मी म्हणालो, नियम मात्र चोख आहे. तो म्हणाला, करणारा कोण ते ठाऊक नाही, शिव्या मी खातो.
सही-शिक्क्यानिशी लेखी अर्ज देऊन परतलो. ग्राहकांना दिलगिरीचा मजकूर पाठवायचा होता, तोही त्याच ईमेलवरून. तूर्त दिलगिरी स्थगित.

१८ मार्च
परवानगी मिळाली. तिथल्या मेकॅनिकने कीबोर्ड जोडून दिला, मी नवा पत्ता टाकला. अकरा सेकंद. तो म्हणाला, काका, एवढ्यासाठी आलात?
दुपारी १.१२ला सर्व्हर सुरू. एकूण एकाहत्तर तास. परंतु यंत्र या काळात बंद नव्हते. त्याला केवळ पत्ता नव्हता. कलम ११मध्ये ‘बंद’ असा शब्द आहे. कायद्याच्या दृष्टीने मी सुरक्षित आहे.

१९ मार्च
दातांच्या डॉक्टरांचा फोन. काका, साइट अजून नाही दिसत. पेशंटना वाटतंय मी दवाखाना बंद केला. एक बाई दुखरी दाढ घेऊन समोरच्याकडे गेल्या.
मी म्हणालो, माझ्याकडे दिसते. ते म्हणाले, मग तुमच्याकडेच पाठवू का पेशंट?
पोहण्याच्या शिक्षकांचाही फोन. पालक विचारतात, तलाव आटला का?
मुलीला विचारले. सात दिवसांचा आकडा सांगावा लागला. ती म्हणाली, सात? बाबा, जगाने पाठ केला तो जुना पत्ता होता. सगळं जग अजून जुन्याच दारावर टकटक करतंय. बावीस तारखेपर्यंत करणार.
जग माझे इतके तंतोतंत ऐकेल, अशी अपेक्षा नव्हती. पूर्वी कधी ऐकले नव्हते.
सगळे जागच्या जागी आहे का ते बघते, म्हणून तिने पासवर्ड मागितला. दिला.

२२ मार्च, दुपारी २.३०
मुदत संपली. अडतीसच्या अडतीस साइट्स उघडून पाहिल्या. सर्व चालू! सौ.ला हाक मारली. ती आली, पण स्क्रीनकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिली.
३.४५. सर्व्हरची नोंदवही तपासली. सव्वा तासात एकही माणूस आलेला नाही. साइट्स तर दिसत आहेत. मग दिसत आहेत कुठून?

२३ मार्च
सौ.ने सांगितले. डॉक्टरांनी मंगळवारीच मुलीला फोन केला होता. मग चष्मेवाल्याने, मग हॉलवाल्याने. शनिवारपर्यंत सगळ्यांनी. मुलीने अडतीसही साइट्स तिच्या ओळखीच्या दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन ठेवल्या.
संध्याकाळी मुलगी आली. आत न येता उंबऱ्याशीच उभी राहिली. म्हणाली, बाबा, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं असतं तर ते परक्याकडे गेले असते. तुम्हाला कसं सांगू तेच कळेना.
मी विचारले, नेताना किती वेळ बंद राहिल्या?
ती म्हणाली, नेताना? एक मिनिटही नाही.
पद्धत विचारली. म्हणाली, तीच, जी मी तुम्हाला चार तारखेला... आणि थांबली. मग चहा टाकते म्हणून आत गेली.
एक मिनिटही नाही. तीन वेळा लिहून पाहिले. हस्ताक्षर ठीक आहे.

२४ मार्च, सकाळी ७.१५
कलम ११चा शांतपणे विचार केला. व्यवसाय बंद करण्यासाठी आधी व्यवसाय हवा. तो नसल्याने कलम लागू होत नाही. म्हणजेच माझा शब्द मोडलेला नाही.
सर्व्हर नव्या पत्त्यावर सुरळीत. त्यावरील साइट्स: शून्य. आज बंद पडलेल्या साइट्स: शून्य.
रोजच्याप्रमाणे तपासणी केली. चार सेकंदांत संपली.

(सही)
ठिकाण: माडीवरची खोली
दिनांक: २४ मार्च