भिंतीपलीकडे गेला की आऊट

मी, आप्पासाहेब रंगनाथ गोर्डे, वय एकाहत्तर, वाळूजच्या कारखान्यातला निवृत्त टर्नर, राहणार पडेगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीनं करून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, खांदा तेवढा दुखतो. कुणाचा दबाव नाही. शेजारच्या फारूखनं आणून पाहिला, मी जुमानला नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी आवडाबाई हिची. तिच्या पश्चात घर मुलगा विश्वजीत याचं.

२. घराशेजारचा मोकळा प्लॉट, जिथं आम्ही दर रविवारी क्रिकेट खेळत आलो, तो मुलगी तनुजा हिला देतो. विश्वजीतनं रुसू नये, कारण लिहितो. प्लॉटला लागून माझा मित्र फारूख याचं अंगण आहे. चेंडू थेट त्याच्या भिंतीपलीकडे गेला की फलंदाज आऊट, हा नियम त्याच्या बायकोची, ताहेराभाभींची, लोणच्याची बरणी फुटली तेव्हापासूनचा. त्यामुळं फलंदाज चेंडू जमिनीलगत मारायला शिकले आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या फिरकीवाल्यालाही विकेटा मिळत राहिल्या. गेल्या वर्षी विश्वजीतनं मतदान घेऊन आऊटचा सिक्स केला. फलंदाजच जास्त, ठराव मंजूर. आता जो तो डोळे मिटून फटके मारतो, बोलिंग टाकायला कुणी तयार नाही, आणि दिवाळीपासून खेळ बंद पडला आहे. मला हे फार लागलं.

३. सबब अट अशी, की प्लॉट विकायचा नाही आणि जुना नियम पुन्हा लागू. तनुजा स्वतः बोलिंग टाकते, तिला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

४. स्टम्पांचा लोखंडी स्टँड मी हातानं घडवला. तो फारूखला दिला असता, पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. कायद्याचे आभार. स्टँडही तनुजाचा.

५. एवढं लिहून झाल्यावर फारूख सही करेना. म्हणाला, "नियम रखो, आप्पा. पन तुम गए तो मेरेकू आऊट कौन करेंगा?" काल तनुजाला बोलिंग टाकायला बोलावलं. तिचा दुसराच बॉल फारूखनं स्वतःच्या अंगणात मारला आणि भिंतीला घासून गेला म्हणून भांडत बसला. शेवटी ताहेराभाभींनी पलीकडून चेंडू फेकला आणि ओरडल्या, "सीधा आया!" आरडाओरडा ऐकून गल्लीतली माणसं बाहेर आली, बॅटी घेऊन. विश्वजीतसुद्धा आला.

ठिकाण : पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १२ जानेवारी २०२६

(सही) आप्पासाहेब रंगनाथ गोर्डे

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. साक्षीदार :

(सही) गोकुळ सोनवणे, अंपायर

(सही) फारूख बेग. मृत्युपत्र मान्य. आऊट मान्य नाय. रविवारी परत टाकायला सांगा.