पांढऱ्या कागदावरची तूर

अण्णा, तुम्ही जन्मभर लातूरच्या डाळ मिलमध्ये तूर पारखलीत आणि मी आता नांदेडच्या कॉलेजात डेटा सायन्स शिकवते. म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला ढीगभर फोटो दाखवायचे, यातला माल चांगला, यातला टाकाऊ असं सांगत जायचं, की पुढचा फोटो तो आपला आपण ओळखतो. तुमचंच काम, फक्त दातांशिवाय. आज असतात तर हसला असतात.

बारावीला असताना मी तुमचा डबा घेऊन मिलवर यायची. तुम्ही पोत्यात परखी, ती नमुना काढायची पोकळ सळई, खुपसता, मूठभर तूर तळहातावर घेता, दोन दाणे दाढेखाली फोडता आणि कुणी विचारायच्या आत सांगता, ओल हाय. पांढऱ्या कागदावर नमुना मांडायचा ऑफिसातला रिवाज तुम्हाला मुळीच पटत नसे. "कागदावर कसली बी तूर गोरी दिसती. हातावर घे," म्हणायचात. एकदा तुम्ही मला विचारलंत, भरडायच्या आधी तुरीला तेल कशाला लावतात? मी क्लासच्या नोट्स पाठ करत होते. मान वर न करता म्हणाले, "अण्णा, हे परीक्षेला नाही." तुम्ही उघडलेला डबा पुन्हा झाकलात. "परीक्षेला न्हाई म्हनून जगात न्हाई का? लेक वाढवायलोय का पोपट?" चार माणसांत बोललात, मला फार लागलं. दोन दिवस मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तुम्ही दोन पुड्या माझ्या पुस्तकावर ठेवून निघून गेलात. एकीत साधी तूर, दुसरीत तेल मुरवून वाळवलेली. मी नखाने सोलून पाहिली. साध्या तुरीची साल हटेना, तेलाची अलगद निघाली. एकही मार्क नसलेलं ते उत्तर सापडल्यावर मला इतका आनंद झाला, की अबोला विसरून मी तुम्हाला सांगायला अंगणात पळत आले.

यंदा वर्गाने तुरीचाच प्रकल्प घेतला. फोटो लातूरच्या एका मिलमधून आणले. कॉम्प्युटर इतकी बिनचूक उत्तरं द्यायला लागला, की मी स्टाफरूममध्ये मिरवून घेतलं. वर्गात किनवटकडची एक मुलगी आहे, होस्टेलवर राहते, तिला सतत काहीतरी विचारायचं असतं. ती उठून म्हणाली, "मॅडम, हा दाना बघून राहिला का पोतं?" मिलवर जाऊन दाखवायला चारच दिवस उरले होते. मी खेकसले, "हे परीक्षेला नाही. बस खाली." तेच शब्द, अण्णा. आणि तोंडातून गेले तेव्हा मला ते ओळखूही आले नाहीत.

मिलवर मालकांनी पांढऱ्या कागदावर किडकी तूर ठेवली. कॉम्प्युटर म्हणाला, उत्तम. चांगली तूर पोत्यावर पसरली, तर म्हणाला, टाकाऊ. हमालसुद्धा हसले. मग उलगडा झाला. चांगला नमुना गिऱ्हाइकाला दाखवायला ऑफिसात कागदावर मांडतात, नापास माल बाहेर पोत्यावरच पडून असतो, आणि आमचे फोटोही तसेच निघाले होते. त्याने तूर पाहिलीच नव्हती. कागद आणि पोतं, एवढंच तो शिकला होता. त्याला तरी कोणत्या तोंडाने बोलायचं? परीक्षेपुरता अभ्यास त्यानेही केला.

आम्ही फोटो नव्याने काढले, सगळा माल एकाच ताटात घेऊन. आता कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा जास्त चुकतो, पण निदान तूर बघून चुकतो. ती मुलगी मात्र गप्प झाली आहे. फळ्यावरचं उतरवून घेते, "हाव मॅडम" म्हणते, काही शंका आहे का विचारलं, की नुसती नाही म्हणून मान हलवते. अशी मुलगी माझ्या हातून मुकी झाली, याची मला लाज वाटते.

फोटो चुकले होते, हे मी वर्गाला सांगितलं. तिने वेळेवर विचारलं होतं आणि मीच तिला खाली बसवलं, एवढं वाक्य मात्र गिळलं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता तीन आठवडे झाले. आज मधल्या सुट्टीत हा कागद खरं तर तिला चिठ्ठी लिहायला घेतला होता, आणि सुरुवात तुमच्या नावाने झाली. आता तो माझ्या पर्समध्येच राहील. तुम्हाला लिहिणं सोपं जातं, अण्णा. तुम्ही आता उलटून काही विचारत नाही.