बुधवार-शनिवारच्या मधले दिवस

भायखळा, मुंबई
गुरुवार, ता. ५ ऑक्टोबर १९७२

प्रिय आईंस, सून मेरीचा सप्रेम सलाम वि. वि.

तुमचे पत्र परवा मिळाले. आपल्या दयाने पत्राखाली काढलेले बोकडाचे चित्र, मी जिथे राहते त्या रूथमावशींनी कापून भिंतीवर चिकटवले आहे. तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. "तब्येत बरी आहे" एवढे लिहून मी पत्र संपवते आणि तुम्हाला काहीच कळत नाही. बायबलबाई म्हणून तुम्ही गावोगाव फिरलात, शंभर घरांची दुखणी ऐकलीत. तुमच्यापासून काय लपवायचे? आज सगळे लिहिते.

माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, हे नगरच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेच होते. रक्त गाळायचे त्यांचे काम आता यंत्र करते. त्याला डायलिसिस म्हणतात. दर बुधवारी आणि शनिवारी मी मावशींबरोबर इस्पितळात जाते. माझ्या डाव्या मनगटाजवळ दोन बारीक नळ्या कायमच्या बसवल्या आहेत. एरवी त्या एकमेकींना जोडून बँडेजखाली असतात. तिथे गेले की त्या सोडवून यंत्राला लावतात. यंत्र म्हणजे स्टीलची मोठी टाकी, तिच्यात औषधी पाणी आणि पाण्यात एक गुंडाळी. रक्त त्या गुंडाळीतून फिरून परत माझ्याकडे येते. सकाळी जोडतात ते दिवेलागणीला सोडतात. मध्येच पायांत गोळे येतात, डोके ठणकते, कधी रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसऱ्या दिवशी मात्र सूज उतरलेली असते, चपला पायांत जातात आणि जेवण गोड लागते.

सगळ्यात अवघड आहे ते पाणी. ते शरीरातून बाहेर जात नाही, म्हणून दिवसाला दोन पेले. चहा त्यातच, गोळ्याही त्यातच. फार झाले तर लिंबाची फोड चोखते. मीठ बंद, केळी बंद, आणि भाजी उकडून तिचे पाणी ओतून द्यायचे. सकाळी नळ सुटतो तेव्हा मी गॅलरीत जाऊन बसते. तो आवाज नको वाटतो.

हे बोअरिंगच्या गाडीवर सध्या कुठे आहेत? खडकाखालचे पाणी सापडते, पण पोस्टाची पेटी सापडत नाही का, असे विचारले म्हणून सांगा. दयाला गोड पापा.

मायेत ठेवलेत तसेच ठेवावे, ही विनंती.

तुमची,
मेरी


वडाळा, ता. नेवासे
ता. १६ ऑक्टोबर १९७२

चि. सौ. मेरीस, साळूबाईचे अनेक आशीर्वाद व प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग शेजारच्या बनुबाईला वाचून दाखवलं, कारण ती उंबऱ्यातून हलेना. तिनं विचारलं, की रक्त धुत्यात ते ठीक, पर पिळत्यात का काय. पिळत नाहीत म्हटलं, तर म्हणाली, मग बरं हाय, पोरगी अंगानं आधीच लई बारीक हाय.

इकडं पाऊस झालाच नाही. विहिरीचा तळ दिसतो आहे. टँकर येतो तेव्हा सगळं गाव घागरी घेऊन धावतं. खायला रेशनची परदेशी लाल ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापताना तुटते आणि खाताना तुटत नाही. तू मात्र आमच्या पाण्याची काळजी करू नकोस. तुला पिऊ देत नाहीत म्हणून मी घोट घेताना थबकते, आणि आम्हाला मिळत नाही म्हणून तू तिकडं झुरणार. त्यानं कुणाचीच तहान भागत नाही. तेव्हा आपण दोघींनी ते आजपासून सोडून द्यावं.

इसहाक पाथर्डीकडं आहे. रविवारी आला, जेवला, झोपला आणि गेला. पत्र का लिहीत नाहीस म्हणून मी त्याला धरलं. तू मास्तरीण, त्याच्या पत्रातले ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत पाठवतेस म्हणे. माझा लेक खडकाला भीत नाही, तुला भितो.

आता कामाचं. जवळच्या माणसाची एक किडनी बसवली तर यंत्र सुटतं, असं इसहाक सांगत होता. माझ्या दोन्ही ठणठणीत आहेत. एक घ्या. डॉक्टरांना विचारून उलट टपाली कळव. नातं काय असं विचारलं तर लेक आहे म्हणून लिही. लिहिताना मान खाली घालू नकोस, खोटं नाही ते.

दया बरी आहे. दात पडला. प्रभू तुला राखो.

तुझी आई,
साळूबाई


भायखळा, मुंबई
सोमवार, ता. २० नोव्हेंबर १९७२

प्रिय आईंस, मेरीचा सप्रेम सलाम वि. वि.

तुमचा निरोप आमच्या डॉक्टरीणबाईंना सांगितला. त्यांनी तुमचे वय विचारले, मग म्हणाल्या, की अशी सासू मिळणार हे ठाऊक असते तर मी लग्न टाळले नसते. पण साठीच्या पुढच्या माणसाची घेत नाहीत, आणि रक्ताचे नाते लागते. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

माझा भाऊ शिमोन सोलापूरहून येऊन गेला. त्याचे रक्त जुळले नाही. माझ्यापेक्षा तोच जास्त रडला. शेवटी मी त्याला चहा करून दिला आणि तो पिताना पाहत बसले. आई-वडील आता नाहीत, दुसरे भावंड नाही. तेव्हा तूर्त यंत्रच.

मागच्या आठवड्यात नळीत रक्त साकळले. नळीतले रक्त लाल, उबदार दिसायला हवे. ते काळे पडले की गाठ झाली समजायचे. डॉक्टरांनी पिचकारीने गाठ ओढून काढली. दुखले, पण नळी वाचली. बँडेजवर दोन छोटे चिमटे कायम अडकवलेले असतात. चुकून नळ्यांचा सांधा सुटला, तर दोन्ही नळ्यांना एकेक चिमटा लावायचा, आणि आधी ज्या नळीतून रक्त उसळते तिला. घरच्या प्रत्येकाला हे ठाऊक हवे, असे त्यांचे सांगणे आहे. म्हणून तुम्हाला लिहिले.

आता गोड बातमी. नाताळ यंदा सोमवारी आहे. शनिवारचे डायलिसिस करून रविवारच्या एस.टी.ने यायचे आणि मंगळवारी परत फिरायचे, अशी परवानगी मिळाली आहे. करंज्या करा, मी अर्धी खाईन. दयाला आधी सांगू नका. माझा चेहरा काळवंडला आहे, ती दचकेल का, एवढीच धाकधूक आहे.

तुमच्या आशीर्वादाची भुकेली,
मेरी


वडाळा
ता. २७ डिसेंबर १९७२

चि. सौ. मेरीस, आईचे आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याची तार कर असं इसहाकला बजावलं आहे. ती येईपर्यंत हातात काही काम हवं म्हणून लिहायला बसले. तू विचारत होतीस, नाताळच्या दिवशी नेमकं काय झालं. तुला शुद्ध नव्हती. ऐक.

देवळातून येऊन आपण पंगतीला बसलो होतो. दया तुला चिकटूनच होती. ती दचकेल म्हणून तू काळजी करत होतीस, पण तिनं तुझ्या चेहऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, नुसती मांडीत शिरली. उठताना तिच्या झग्याची नाडी तुझ्या बँडेजात अडकली आणि सांधा सुटला. रक्त भिंतीपर्यंत उडालं. तू हात धरलास आणि आडवी झालीस. इसहाक, जो पाच माणसांचा लोखंडी पाइप एकटा उचलतो, तो दाराला पाठ लावून खाली बसला. बनुबाई ओरडत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. तुझ्या पत्रातली ओळ तेवढी डोळ्यांपुढं होती, की आधी उसळते ती. चिमटा निसटत होता, बोटं ओली झाली होती. पदराला पुसली आणि लावला. मग दुसरा. मग मीही खाली बसले.

मिशनच्या जीपनं नगरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी नळ्या धुऊन परत जोडल्या, ते तुला आठवत असेल. पाळकसाहेब म्हणाले, साळूबाई, तुम्ही धीराच्या. मी म्हटलं, धीर कसला, पत्रात लिहिलं होतं तसं केलं.

दया बोलत नाही. आपल्यामुळं झालं असं तिला वाटतं. तिला तू स्वतःच्या हातानं दोन ओळी लिही. माझ्या सांगण्यानं भागत नाही.

जप. माझा जीव तुझ्यापाशी आहे.

आई


मुंबई
गुरुवार, ता. २५ जानेवारी १९७३

प्रिय आईंस, मेरीचा सलाम वि. वि.

अक्षर वाकडे आले तर समजून घ्या, उजव्या मनगटाला टाके आहेत.

गावाहून आल्यापासून काही नीट नाही. डाव्या हाताची नळी पुन्हा पुन्हा साकळली, मग तिथे पू झाला. यंत्रावर असतानाच थंडी वाजून ताप भरायचा, दात वाजायचे. शेवटी नळ्या काढल्या आणि घोट्याजवळ बसवल्या. त्यामुळे चालता येत नाही. उजव्या मनगटात कातडीखाली धमनी शिरेला जोडून दिली आहे. ती शीर फुगून जाड झाली, की नळ्यांची गरज उरणार नाही, सुया टोचून काम होईल. पण त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि फुगेलच असे कुणी सांगत नाही.

माझ्या शेजारच्या यंत्रावर एक पारशी काका असायचे. माझे मराठी ऐकून हसायचे, त्यांचे मराठी ऐकून मी हसायची. गेल्या शनिवारी त्यांच्या पलंगावर नवी चादर होती.

आई, मी थकले आहे. हे बुधवार आणि शनिवार मला नकोत. मला घरी यायचे आहे. दयाजवळ, तुमच्याजवळ जे दिवस मिळतील ते पुरेत. यांना हे लिहायचा धीर होत नाही. तुम्ही सांगा, की मेरीला घेऊन या. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

मला समजून घ्या. रागावू नका.

मेरी


वडाळा
ता. ३० जानेवारी १९७३

चि. मेरीस, आईचे आशीर्वाद.

रागावले नाही.

मी आयुष्यभर बायांना धीर धरा म्हणून सांगत फिरले. कुणाचं मूल गेलेलं, कुणाचा नवरा. सांगून उठायचे आणि पुढच्या घरी जायचे. तुला मी ते सांगणार नाही. मला त्या पलंगावर झोपावं लागत नाही.

तुझं पत्र इसहाकला दाखवलं. तुझ्याकडून लपवून मी काही करणार नाही, आणि त्याच्याकडूनही नाही. तो म्हणाला, तिला यायचं असेल तर मी आणतो. तेव्हा तुझी वाट मोकळी आहे. खाट तुझीच आहे, कुणी हात लावलेला नाही.

पण तू दयाजवळ, माझ्याजवळ राहायचं म्हणतेस. त्यासाठी तूच इकडं यायला हवं, असं कुठं आहे? वडाळं सोडून मी कुठं राहणार नाही, हे मी नेहमी म्हणत आले. ते आता परत घेते. शेळी बनुबाईकडं दिली. रूथबाईंना इसहाकनं पत्र घातलं आहे, त्या नाही म्हणायच्या नाहीत. सोमवारच्या एस.टी.नं दयाला घेऊन निघते. आम्ही आल्यावर काही दिवस बघ. मग तुला जे वाटेल ते सांग, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन.

एस.टी. स्टँडवर कुणी येऊ नका. मला विचारत विचारत येता येतं.

तुझी,
आई


भायखळा, मुंबई
गुरुवार, ता. २२ मार्च १९७३

दयाच्या पप्पांना मेरीचा सप्रेम सलाम वि. वि.

तुमचे खर्ड्याहून आलेले पत्र मिळाले. तिथल्या बोअरला पाणी लागले, बाया हंडे घेऊन गाडीभोवती नाचल्या, हे आईंना मोठ्याने वाचून दाखवले. "पाणी" हा शब्द तुम्ही दोन्ही वेळा ऱ्हस्व लिहिला आहे. या खेपेला सोडून दिले.

आईंचे ऐका. पहिल्या दिवशी यंत्राजवळ आल्या, नळीतून माझे रक्त जाताना पाहिले आणि स्टुलावर बसल्या त्या दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत. मला वाटले होते, वचने वाचतील. त्यांनी बनुबाईच्या सवतीची गोष्ट काढली. आता दर खेपेला गावातले एकेक घर घेतात. पलीकडच्या यंत्रावरच्या गुजराती बाईंना निम्मे कळत नाही, तरी पुढे काय म्हणून विचारतात. भाजी उकडलेल्या पाण्यावरून रूथमावशींची आणि त्यांची रोज वादावादी होते; मीठ नसले तरी चव असते, हे आईंनी मावशींना करून दाखवले आहे.

मागच्या बुधवारी उजव्या हाताला पहिल्यांदा सुया टोचल्या. सुया जाड असतात. पहिली चुकली, हात वांग्यासारखा सुजला, आणि मी डॉक्टरीणबाईंना म्हटले, की आता पुरे, मला सोडा. त्यांनी आईंकडे पाहिले. आई मला म्हणाल्या, की तू ठरव, मी उभी आहे. खरोखरच उभ्या राहिल्या होत्या. मी डोळे मिटले आणि दुसरी टोचा म्हटले. ती लागली. शनिवारी दोन्ही लागल्या. आता पायाची नळी काढणार आहेत.

का टोचून घेतली, ते तुम्हाला सांगायचे आहे. दयाला इथल्या मिशनच्या शाळेत बसू देतात. सुया टोचल्या त्याच्या आदल्या गुरुवारी मी आईंच्या खांद्यावर हात ठेवून तिला आणायला फाटकापर्यंत गेले. इतर आयांसारखी उभी राहिले. दया बाहेर आली, दप्तर माझ्या हातात दिले आणि मैत्रिणीशी बोलत पुढे निघून गेली. नाताळपासून मला सांभाळून हात लावणारी ती पोर त्या दिवशी मला विसरली. मला फार बरे वाटले. बुधवार आणि शनिवार यंत्राचे आहेत, ते त्याने घ्यावेत. मधले दिवस माझे आहेत आणि ते मला हवे आहेत.

सगळे ठीक आहे असे समजू नका. रक्त कमी आहे, अंगाला खाज सुटते, पायांत गोळे येतातच. किडनी देणारे कुणी अजून नाही. किती दिवस, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत आणि मी विचारायचे सोडले.

मी घरी कधी येणार, असे तुम्ही आईंना विचारलेत. उत्तर मीच देते. दया इथे आहे, आई इथे आहेत, चूल दोन्ही वेळा पेटते. घर इकडे आले आहे, तुम्ही तेवढे राहिलात. बोअरची गाडी दुरुस्तीला थांबेल तेव्हा या. गुरुवारी या, म्हणजे आपण दोघे मिळून दयाला शाळेतून आणू.

वाट पाहणारी,
मेरी