दाजी, कोपरा रिकामा आहे

उदगीर,
बुधवार, दुपार (दुकानाचं शटर अर्धं ओढून)

तीर्थरूप संगमेश्वर दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा गुरुबसप्पा याचा शरणु शरणार्थ. आम्ही इथं सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली तुम्ही कळवणार नाही, हे शिवकन्याअक्काच्या फोनवरून कळलं, त्यामुळं मी ती विचारत नाही. पण गुडघा कसा आहे? (हे आपलं सहज.) माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहायलोय. फोन कापता येतो. पत्र अक्का मोठ्यानं वाचून दाखवेलच.

मुद्दा आवाजाचा आहे. तुम्ही उन्हाळ्यात आठ दिवस आमच्याकडं होता, तेव्हा समोरच्या खोलीत खिडकीजवळच्या कोपऱ्यात लोडाला टेकून बसायचा. दुपारची जेवणं झाली की मी सतारीची रेकॉर्ड लावायचो. काय सांगू दाजी! पडद्यातून ऊन झिरपायचं, तुमच्या सदऱ्याला धर्माबादच्या मिरचीचा वास, तुम्ही मांडीवर ताल धरलेला, आणि सतार अशी हळूहळू चाललेली की माझे डोळे आपोआप मिटायचे. मग तुमच्या आडतीपुढं वाळत घातलेली मिरची दिसायची, लाल लाल, पार आभाळाला टेकेपर्यंत, आणि तिच्यातून परकर-पोलक्यातली अक्का अनवाणी चालत यायची, एकही ठसका न लागता. (अक्का तुमच्याकडं नांदायला आली ती नऊवारीत, हे मला ठाऊक आहे. स्वप्नात कोण पावती मागतो?)

तुम्ही गेलात आणि सतार पोकळ झाली. चाळीस वर्षं भांड्यांच्या दुकानात टिचकी मारून पितळ ओळखणाऱ्या माणसाचा कान आहे हा, उगीच बोलत नाही. मी निदान केलं: कोपऱ्यात दाजी नाहीत. हसू नका. मोबाईलवर जाणकार लोकांनी लिहून ठेवलंय की खोलीच्या कोपऱ्यात जाड, मऊ, भरीव असं काही असलं की खर्जाचा घुमारा त्यात मुरतो. तुमच्याइतकं जाड, मऊ आणि भरीव आमच्या घरात दुसरं काही नाही. (हे आदरानं.)

मग काय, उपाय सुरू केले. कोपऱ्यात तुरीचं पोतं उभं केलं. फरक न्हाई, तुरीतले किडे तेवढे रेकॉर्डवर फिरायला आले. पोत्यावर दुसरं पोतं चढवलं, त्याला वाकळ गुंडाळली, वर तुमची उशी ठेवली. आमची मंडळी, दानम्मा, घाईघाईत आतून आली, पदर सावरला, पोत्याला म्हणाली, "दाजी, कधी आलात? चहा टाकू?" मग चूक लक्षात आली तशी दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जसं काही पोत्याला मीच शिकवलं होतं.

लातूरच्या एका शहाण्यानं फोनवर सांगितलं, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा. आता आपलं घर तुम्हाला माहीत आहे. अंड्याला आपण 'ते' म्हणतो, आणि तेही शेजारी ऐकत नसताना. पण नाद वाईट. लातूरहून कोरे करकरीत चाळीस ट्रे चादरीत बांधून आणले, बसमध्ये पार मागच्या सीटवर तोंड फिरवून बसलो, आणि भिंतभर डकवले. आवाज? होता तसा. सोमवारी नेमानं पूजेला आपले जंगम अय्या आले. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि उंबऱ्यावरूनच "पुन्हा येतो" म्हणून वळले. दानम्मानं पाव तासात भिंत साफ केली, चुन्याच्या पोपड्यांसकट. तोवर शेजारच्या तुळजाबाईनं गल्लीभर सांगितलं होतं की गुरुबसप्पानं कोंबड्या पाळल्या. परवा एक बाई दुकानात येऊन कळशीकडं ढुंकूनही न पाहता डझनाचा भाव विचारून गेली.

आता त्या दिवसाचं. (इतका वेळ मी भोवती फिरत राहिलो, हे तुम्ही ओळखलं असेलच.) सतार अगदी बारीक झाली होती, मुंगीच्या पावलानं चाललेली, आणि तुमच्या नाकातून शिट्टी वाजत होती. मी डोळे न उघडता म्हणालो, "दाजी, जरा श्वास हळू घ्या." घरच्या जावयाला! तुम्ही पिशवी उचलली आणि देगलूरच्या बसनं धर्माबादला निघून गेलात. चुलीवर पुरण शिजत होतं, तुमची टॉवेल-टोपी ताटात काढून ठेवली होती. त्याच्या आधी, आल्या दिवशी, तुम्ही म्हणाला होता, "गुरू, ह्यो सतारवाला मधी बसलेला न्हाई. अर्धा दारात बसलाय, अर्धा कपाटात." त्यावर मी बोललो होतो की मिरचीनं तुमचे कान चोंदलेत. तेही तुमच्या मनात राहिलं असणार.

अक्का काल फोनवर म्हणाली, "ते येत नसतील तर पंचमीला म्या बी येत न्हाई." बत्तीस वर्षांत अक्का नाही अशी पंचमी आमच्या घरी झाली नाही, दाजी. झोक्याच्या कड्यांना मी आधीच तेल घालून बसलोय. तिचा फोन ठेवल्यावर मला लई वाईट वाटलं. रेकॉर्ड लावली तर तीही ऐकवेना.

तेव्हा केवळ कोपऱ्याच्या सोयीसाठी, शास्त्र म्हणून, पंचमीच्या चार दिवस आधी यावं. श्वास मोकळेपणानं घ्यावा.

तुमचा आगाऊ मेहुणा,
गुरुबसप्पा

ता. क. तुमची टोपी जपून ठेवली आहे. टॉवेल तेवढा घुमारा मारायला भिंतीवर टांगला होता. धुऊन, इस्त्री करून ताटात परत ठेवतो.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच भागवत आला (स्टिरिओ दुरुस्त करणारा, तीन आठवडे त्याच्या मागं होतो). पाच मिनिटांत म्हणाला, "काका, डाव्या स्पीकरची लाल वायर काळीच्या जागी लावलीय की हो!" शिवरात्रीला धूळ झाडताना ती मीच काढून लावली होती, म्हणजे तुम्ही यायच्या आधीच. त्यानं वायर सरळ केली आणि सतारवाला मधोमध येऊन बसला. तुमचं बरोबर होतं. कान माझेच चोंदले होते, माफ करा. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना: तुम्ही होता ते आठही दिवस आवाज बिघडलेलाच होता, आणि इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

शेवटचं. कोपऱ्यातली पोती काढली. आवाजासाठी आता तुमची काही गरज उरलेली नाही. तरी या.