न सापडलेलं वाक्य

प्रिय ताई,

रविवारी तू फोनवर विचारतेस, "कसा आहेस?" आणि मी म्हणतो, "मजेत." आपली पाच मिनिटं अशीच सरतात. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. पत्रात मध्येच "ठेवतो गं, दारात कुणीतरी आलंय" असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. खरं सांगू? दारात कधीच कुणी आलेलं नसतं. आई गेल्याला आठ महिने झाले, तेवढ्या काळात मीटर बघायला येणारा माणूस सोडला तर या घरात कुणी पाऊल टाकलेलं नाही.

घर तसं नीट ठेवलंय. आईची कॉट काढली नाही, धुतलेले कपडे घडी घालीपर्यंत तिच्यावर पडलेले असतात. स्वयंपाक एकदाच करतो, दोनदा खातो. दिवसभर कामावर इथल्या लोकांच्या भाषेत बोलतो. परवा टेबलाचा कोपरा लागला, तोंडून "आई गं" निघालं आणि लक्षात आलं, तीन दिवसांत आपल्या भाषेतले तोंडातून निघालेले हे पहिलेच दोन शब्द. एकटाच हसलो, मग हसणंही बरं वाटेना.

बाबांच्या मागे आईला मी इकडे आणलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "अरे, तिथे ती बोलणार कुणाशी?" मी तेव्हा चिडलो होतो. पण तू बरोबर होतीस. मी सकाळी जायचो तो दिवे लागल्यावर यायचो. ती बिचारी खालच्या भाजीवालीकडून आठ-दहा शब्द शिकली होती. "पुरे", "ताजं", "उद्या". एवढ्यावर तिने दोन वर्षं काढली. मी आल्यावर दिवसभराचं साठलेलं बोलायची, आणि मी दमलोय म्हणून हूं हूं करत ताट संपवायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

माझं काम नक्की काय, असं तू कितीदा विचारलंस, मी कितीदा टाळलं. आज तुझ्या शिवणाच्या भाषेत सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दवाखान्यात आईच्या उशाशी ती छोटी स्क्रीन होती ना, ती आमची. तिच्यावर दिसणारं एकेक वाक्य आत कुठेतरी साठवलेलं असतं आणि प्रत्येकाला एक खूणनाव असतं. स्क्रीनला वाक्य हवं असलं की ती मी लिहिलेल्या भागाकडे मागणी करते: अमुक खूणनाव, अमुक भाषा. माझा भाग ते शोधून हातात ठेवतो. दुकानात जाऊन "निळा दोरा द्या" म्हणण्यासारखंच. प्रश्न एवढाच, की निळा दोरा संपला असला तर काय करायचं? मी ठरवलं होतं, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. निळा नसेल तर काळा द्यायचा. म्हणजे मागितलेल्या भाषेत वाक्य सापडलं नाही, तर इथल्या भाषेतलं द्यायचं. गुपचूप. आमच्याकडे काम तपासणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्या म्हणाल्या, "द्या, पण सापडलं नाही याची कुठे नोंद तरी ठेवा. नाहीतर दोरा संपलाय हे दुकानदाराला कळणार कसं?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला बघू." पुढच्या खेपेला त्या निवृत्त झाल्या होत्या.

आईला छातीच्या त्रासासाठी दवाखान्यात ठेवलं, त्या दिवशी मी स्वतः त्या स्क्रीनवर आपली भाषा निवडून दिली. "बघ, ही तुझ्याशी तुझ्याच भाषेत बोलते," म्हटलं. "पाणी हवं आहे", "दुखत आहे", "नर्सला बोलवा" अशी बटणं तिने मोठ्याने वाचली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे अशा तोऱ्यात पाहिलं, की जणू लेकाने दवाखानाच बांधलाय. त्या वॉर्डातल्या नर्सला ती "ठेंगणी" म्हणायची. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी ठेंगणी तिची वेणी घालून द्यायची. तू आलीस तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

त्या दुपारचं तुला ठाऊक आहे. आईला न्हाणीघरात जायचं होतं. तिने त्या स्क्रीनवरची बेल दाबली, वाट पाहिली, कुणी आलं नाही, शेवटी एकटीच उठली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच, मी रजा घेऊन तिला घरी आणलं आणि सात आठवड्यांत संपलं सगळं. ती पडल्याचं कळताच तू धावत आलीस. आई म्हणत होती, "मी दाबली होती गं बेल." ठेंगणी रडत रडत सांगत होती, बेल वाजलीच नाही. तू म्हणालीस, "दगड आहे ही बाई, वर खोटंही बोलते," आणि तक्रार लिहून दिलीस. मीच ती इथल्या भाषेत करून दिली. प्रत्येक शब्द नीट पारखून लावला होता मी. जाताना मला म्हणालीस, "तुमचंच यंत्र आहे ना? मग काढ त्यातून पुरावा."

आईचे दिवस झाल्यावर कामावर गेलो, त्या पहिल्याच दिवशी पुरावा काढायला बसलो. ठेंगणीला खोटं पाडायचंच होतं मला. त्या दुपारच्या नोंदी सापडल्या. बेल दाबलेली होती, तीन वाजून दहा मिनिटांनी. पण दवाखान्यात चुकून फार बेला वाजतात म्हणून त्याच्या आधीच्या महिन्यात आम्ही बदल केला होता. एकदा दाबलं की स्क्रीन सांगायची, "बेल अजून वाजलेली नाही, नर्स हवी असल्यास खालचं बटण दाबा." खालचं बटण दाबलेलंच नव्हतं. मी माझ्या संगणकावरून तीच मागणी करून पाहिली: तेच खूणनाव, आपली भाषा. उत्तर लगेच आलं, इथल्या भाषेत. आपल्या भाषेत ते वाक्य कुणी लिहिलंच नव्हतं. त्या महिन्यात वाढवलेल्या चाळीस वाक्यांपैकी एकही नव्हतं, आणि कुठे काही अडलं नाही म्हणून कुणाला पत्ताही नव्हता. आईला वाटलं असणार, "येतोय, थांबा" असंच काहीतरी लिहिलंय. ती थांबली. चाळीस मिनिटांत तिने बेलचं बटण चार वेळा दाबलं, ताई. चारही वेळा तेच वाक्य आलं. आई खरं बोलत होती आणि ठेंगणीही खरं बोलत होती.

मी त्या दिवशी काय केलं ते ऐक. ती चाळीस वाक्यं आपल्या भाषेत लिहून काढली आणि मुकाट्याने आत घालून दिली. "बेल अजून वाजलेली नाही" हे लिहायला मला अख्खी दुपार लागली. कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी तुझा फोन आला, "मिळालं का काही?" मी म्हणालो, "नोंदी पुसल्या गेल्यात गं." तीन आठवड्यांनी तुझ्या नावाने दवाखान्याचं पत्र आलं, ठेंगणीला कामावरून काढल्याचं. ते मी तुला वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, "आईच्या जिवाला आता शांती मिळेल." मी हूं म्हणालो.

गेल्या आठवड्यात धुलाईच्या दुकानात गेलो होतो. गिऱ्हाइकांचे कपडे मोजून घेणारी बाई ठेंगणी होती. तिने मला ओळखलं आणि काउंटरवरून वाकून विचारलं, "तुमच्या आई कशा आहेत? चालतात का आता?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिने मोजून झालेले कपडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. मग म्हणाली, "मी रोज आठवून बघते. वाजलीही असेल हो बेल. माझ्याच कानांनी दगा दिला असेल." आणि पावती फाडून माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि बाहेर आलो. तिथेही बोललो नाही.

काल मात्र सगळं लिहून, नोंदींची प्रत जोडून, आधी माझ्या साहेबांना आणि मग दवाखान्यात देऊन आलो. साहेबांनी "घरी जा, कळवू" एवढंच सांगितलं. नोकरी बहुधा जाईल. दुकानातही गेलो होतो. ठेंगणीने सगळं ऐकून घेतलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. दवाखान्यातले लोक म्हणतात, माझं निवेदन ठीक आहे, पण तक्रार तुझ्या सहीची आहे. ती चुकीच्या समजुतीतून केली होती, असं तू स्वतः लिहून दिलंस तरच तिच्या नावावरचा ठपका निघेल आणि तिला पुन्हा कुठे नर्स म्हणून उभं राहता येईल. म्हणून हे पत्र. सोबत त्यांचा पत्ता जोडलाय, आपल्या भाषेत लिहिलंस तरी चालेल, त्यांच्यासाठी ते इथल्या भाषेत दुसऱ्या कुणाकडून तरी करून घे. यापुढे तुझ्या शब्दांना मी हात लावणं बरं नव्हे. रविवारी मी फोन करणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू कर, नाही वाटलं तर नको करूस. पण त्यांना चार ओळी आधी लिही.

तुझाच,
धाकटा